पिठातली अक्षरं

‘टंक सापडला नाही. पर्यायी टंक वापरला आहे.’

कोल्हापूरच्या मेंदू-वाचन प्रयोगशाळेत डॉ. शैलजा शिंत्रे यांच्या टेबलावर जितके कागद पडले होते, त्या प्रत्येकाच्या तळाशी हीच ओळ होती. वृद्धसेवा मंडळाची मध्यवर्ती मुद्रणप्रणाली पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यांसाठी रोज वाचनपत्र छापायची, आणि तेही प्रत्येकासाठी वेगळ्या टंकात, म्हणजे अक्षरांच्या वेगळ्या वळणात. कुठल्याही मंडळानं कुणाचे एवढे लाड केल्याचं ऐकिवात नाही. पण यामागे विज्ञान होतं आणि ते शैलजानंच शोधून काढलेलं होतं. टेबलावरचे कागद मात्र तिच्या स्वतःच्या वडिलांचे होते.

मुद्रणप्रणालीचे मुख्य अभियंता अल्ताफ मुजावर तक्रार ऐकून स्वतःच आले होते. माणूस हुशार, पण नवा. त्यांना प्रश्न साधा वाटत होता.

“दुसरा एखादा फाँट टाकू की, मॅडम. आमच्या साठ्यात ढीगभर आहेत.”

“दुसरा चालत नाही,” शैलजा म्हणाली. “माणूस पहिल्यांदा ज्या वळणाची अक्षरं शिकतो, त्यांचा मेंदूत ठसा उरतो. मी त्याला आद्यठसा म्हणते. पुढं जन्मभर आपण जे काही वाचतो, ते मेंदू त्या ठशाशी जुळवून बघतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. पक्षाघातानं ही जुळवणीच मोडली, की मग फक्त मूळ ठशाबरहुकूम असलेली अक्षरं वाचता येतात. बाकी सगळ्या रेघोट्या.”

“आणि ती मिळालीच नाहीत तर?”

“न वापरलेली पायवाट बुजते. दिवाळीपर्यंत काही वाचलं नाही, तर आप्पा पुन्हा कधीच वाचणार नाहीत.”

आप्पा, म्हणजे शिवलिंग शिंत्रे, यांनी आजऱ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून उभा जन्म काढला होता. जेवताना ताटाशेजारी पुस्तक नसेल तर त्यांना घास गोड लागायचा नाही. आता ते लेकीच्या घरी खिडकीपाशी बसून पुस्तकांची पानं नुसती उलटायचे.

आप्पांच्या पहिलीच्या पुस्तकाचा टंक मुजावरांनी बराच धुंडाळला. तो छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा जमाना होता. छापखाना केव्हाच बंद पडला होता आणि खिळे भंगारात वितळले होते. त्या पुस्तकाची प्रतही कुठं उरली नव्हती. पहिलीचं पुस्तक कुणी जपत नाही, ते फाटण्यासाठीच असतं. खुद्द आप्पांच्या डोक्यातून ठसा काढावा, तर शस्त्रक्रियेत बसवलेल्या धातूच्या चिमट्यामुळे त्यांना ठसा टिपणाऱ्या यंत्रात बसवता येत नव्हतं. उजवा हात लुळा पडलेला, त्यामुळे लिहून दाखवण्याचीही सोय नव्हती.

“पण टंक त्यांच्या वर्गमित्रांच्या डोक्यांत असेलच,” शैलजा म्हणाली आणि फळ्यावर ठसादर्शक यंत्राची आकृती काढून समजावू लागली. यंत्र एकाच अक्षराची हजार वळणं भराभर दाखवतं. ओळखीचं वळण आलं की मेंदू क्षणभर निवांत होतो. यंत्र तो निवांतपणा टिपतं आणि त्या मागानं मूळ अक्षरापर्यंत पोचतं. मुजावरांचं लक्ष मात्र फळ्यावरच्या तिच्या अक्षरांकडे होतं. तिनं आधी शिरोरेघ ओढली होती आणि मग तिच्याखाली, थोडी जागा सोडून, अक्षरं लिहिली होती.

“मॅडम, तुमची अक्षरं रेघेला टेकतच नाहीत. चिमटे निघालेत जणू वाळत घातलेल्या कपड्यांचे.”

“शाळेत बाई सांगून थकल्या,” शैलजा हसली. “आता काय सुधारणार?”

आजऱ्याहून आप्पांचे वर्गमित्र जीप करून आले. यंत्रात कमी आणि चहाच्या टेबलावर जास्त बसले. कुणाला हेडमास्तरांची छडी आठवली, कुणाला शाळेमागचा फणस. चोरलेले गरे नेमके कुणी खाल्ले यावर सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ खरोखर भांडले. पण टंक हळूहळू जुळत गेला. पहिलं पान छापून निघालं तेव्हा त्यांतले एक मारुती देसाई त्यावर हात फिरवत राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, “ह्या ‘क’चं पोट बघा. असा ‘क’ परत कुठं बघितला नाही.”

ते पान आप्पांपुढं ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं आणि बाजूला सारलं. त्यांना एक अक्षरही लागलं नव्हतं.

टंक बिनचूक होता, दहा डोक्यांनी त्याची ग्वाही दिली होती. शैलजानं मग तो प्रश्न विचारला, जो तिनं सर्वांत आधी विचारायला हवा होता. शिकलेल्या माणसांना अक्षरं शाळेतच भेटतात, असं तिनं गृहीतच धरलं होतं.

“आप्पा, तुम्ही लिहा-वाचायला शिकलात कुठं?”

“शाळेत घातलं तेव्हा मला सगळं येत होतं,” आप्पा सावकाश म्हणाले. “आमची पिठाची गिरणी. जिथं बघशील तिथं पीठ साचलेलं. दळण संपलं की गौराक्का पत्र्यावरच्या पिठात बोटानं लिहून दाखवायची. आधी वर रेघ ओढायची. म्हणायची, रेघेला बोट लावायचं नाही, पीठ ढासळतं.”

शैलजा जागच्या जागी थबकली. गौराक्का ही आप्पांची थोरली बहीण. शैलजाच्या जन्माआधीच ती वारली होती; शैलजानं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. पण पीठ तिच्या ओळखीचं होतं. ती चार वर्षांची असताना आप्पा स्वयंपाकघरात परातीत पीठ पसरायचे, तिचं बोट धरायचे, आधी वर रेघ ओढायचे. पेनानं लिहिताना त्यांचं वळण शाळेनं लावलेलं, वेगळंच होतं. पिठात मात्र बोट जुन्याच वाटेनं जायचं. हे सगळं ती साफ विसरली होती. आपण पडद्यावर शिकलेल्या पिढीतले, आपल्या डोक्यात कसला आलाय जुना टंक, असं समजून जगातलं पहिलं ठसादर्शक बनवणारी ही बाई स्वतः त्यात एकदाही बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बसली. मुजावरांनी यंत्र चालवलं. पडद्यावर एकेक अक्षर स्थिरावत गेलं, जाड, बोटाएवढं रुंद, रेघेखाली थोडं सुटलेलं. मुजावरांनी फळ्याकडे बघून मान हलवली. मुद्रणप्रणालीनं नव्या टंकाचं नाव विचारलं, तेव्हा शैलजानं ‘गौराक्का’ असं लिहिलं.

सकाळच्या वाचनपत्राच्या तळाशी ‘टंक सापडला नाही’ ही ओळ नव्हती. शैलजानं ते आप्पांच्या हातात दिलं आणि शेजारी बसली.

आप्पांनी चष्मा सारखा केला. डाव्या हाताचं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. ओठ हलले.

“आ… प्पा…” मग पुढचं एका दमात, “आप्पा, चहा घेतला का?”

शैलजाला रडू आवरेना. आप्पांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते अक्षरांवरून बोट फिरवत होते, रेघेला चुकूनही न लावता. मग त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं.

“गौराक्का कधी आली गं?” त्यांनी विचारलं, आणि बोट धोतराला पुसलं, पीठ लागल्यासारखं.