वाळूखालचे दैवत

सांगवगडावर पहाट उजाडली, माचीवरचे धुके विरले, तरी भैरवनाथाच्या देवळात चौघडा वाजला नाही. आदल्या दिवशी फितुरीने गड सरदार धाररावाच्या हाती गेला होता. पण शिबंदी हाती आली नव्हती. भैरवनाथाच्या मूर्तीपुढे बेलभंडार उचलल्यावाचून त्या गडावर कोणी कोणाचा चाकर होत नसे, आणि एकदा उचलला की मरेतो धन्याला पाठ दाखवीत नसे. मूर्ती ज्याच्या हाती, मावळे त्याचे. आणि मग तेच मावळे खोऱ्यात आश्रयाला गेलेल्या, गडाचे खरे धनी असलेल्या पोरक्या बाळराजांवर चालून जायचे. देव्हारा मात्र रिकामा होता.

मूर्ती होती गडाच्या पायथ्याला, हवालदार निंबाजी काकड्यांच्या नव्या घराच्या पायाच्या चरात. जागा काळ्या मातीची. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी, भिंतीला दगा देणारी. म्हणून निंबाजींनी मुरूम लागेतो काळी उपसली होती आणि तिच्या जागी नदीची वाळू थराथराने भरून, पाणी सोडून, पायांनी तुडवून बसवायला घेतली होती. कीर्तनाचे भारी वेड. तुडवणेही चिपळ्यांच्या ठेक्यावर चाले. उभा संसार छपरात केलेल्या सगुणाबाई हसून म्हणत, माझं घर नाचत नाचत उभं राहतंय. गड पडताच त्या दोघांनी मूर्ती सगुणाबाईंच्या लग्नातल्या शेल्यात गुंडाळून चरात ठेवली आणि वर वाळू लोटली.

वास लागला तो सगुणाबाईंच्या धाकट्या भावाला, रायाजीला. गडाचा दरवाजा उघडून देणारा तोच. त्याने धाररावाला चरापाशी आणले. धारराव कुदळी मागवणार होता. पण कुदळीने देव उकरला अशी बोलवा झाली तर शिबंदी बिथरेल, असे सांगून रायाजीने सोपी मसलत दिली.

"दाजी देवळातून निघताना देवाला पाठसुद्धा करीत नाहीत. देव खाली असला, तर मान देतील, पाऊल देणार नाहीत."

धारराव अदबीने म्हणाला, "निंबाजीराव, आमच्यापायी तुमचं काम खोळंबायला नको. वाळू तुडवा."

निंबाजींनी पत्नीकडे पाहिले. त्या माउलीने घागर उचलली आणि वाळूवर धार धरली. देवाला स्नान घालताना धरतात तशी, बारीक. मग निंबाजींनी चिपळ्या घेतल्या, नाम उच्चारले, आणि जे पाय आजवर देवापुढे नाचले, तेच देवाच्या माथ्यावर नाचू लागले.

"आक्का, दाजींचा ताल चुकतोय आज," रायाजी हसला.

"ऐकून घे, रायाजी," धार न मोडता सगुणाबाई म्हणाल्या. "हे कीर्तन पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

धाररावाने घोडा वळवला.

बेलभंडार उचलला गेला नाही. दसऱ्याच्या आत शिबंदीनेच गड बाळराजांच्या पदरी घातला. वाळूतून देव निघाले, अंगावर ओरखडा नव्हता. पालखी वाजतगाजत गडावर चढली. निंबाजी गेले नाहीत.

घर उभे राहिले. भिंतीला कधी तडा गेला नाही. आपल्या धन्याने पुन्हा कीर्तनात उभे राहावे, म्हणून सगुणाबाई ओसरीवर कीर्तने ठेवीत. बुवा रंगात आले की अवघी ओसरी डुलायची, आणि निंबाजी अंगणाच्या टोकाला पाय घोंगडीत गुंडाळून बसायचे. एकदा सगुणाबाईंनी जवळ जाऊन विचारले, थंडी वाजतेय का?

"नाही गं," ते म्हणाले. "यांना टाळ ऐकू येऊ नये. ऐकला, की नाचू म्हणतात."