चार चाकं, चार रेघा

बुधवारी दुपारी दोन वाजता पीचच्या बागेत गारांच्या जाळीचा आणखी एक खांब आडवा झाला. आठवड्यातला तिसरा. तिन्ही वेळा फोर्कलिफ्टवर सिल्वानो होता, आणि तिन्ही वेळा जेवणं नुकतीच झाली होती.

एत्सिओकाकांनी पुतण्याकडून किल्ली काढून घेतली. "उद्या संध्याकाळी सहाच्या बसने घरी जा."

"काका, मागची बाजू तिरकी ओढली जाते."

"तिरका तू बसतोस."

सिल्वानोची धाकटी बहीण नीवेस काहीतरी सांगू लागली. "नंतर," काका म्हणाले. ती आजोबांकडे गेली, तर ते घोरत होते.

"या घरात 'नंतर' कधी उजाडतो रे?" तिने चुलतभावाला विचारलं.

"माझ्या बाबांच्या घरात? कधीच नाही," तुल्यो म्हणाला.

दोघं बागेत गेली. ओल्या मातीत सरळ ओळीवर चाकांच्या चार रेघा होत्या.

"सरळ जाताना मागची चाकं पुढच्यांच्या खुणेवरून जातात. दोनच रेघा हव्यात," तुल्यो म्हणाला. "चार उमटतात त्या खेकडा चालीत. चारही चाकं एकाच बाजूला वळतात, मशीन आडवं सरकतं."

"पण दादाने तर चालीचा खटका साध्या चालीवरच ठेवला होता, फक्त पुढची चाकं वळतात तिथे. मी पाहिलंय."

मग खेकडा चाल लावतं कोण? तुल्यो वळून शेडकडे पाहू लागला. जेवणाचं लांब टेबल शेडमध्येच मांडत. त्याला जागा हवी म्हणून बाबा रोज बारा वाजता मशीन आडवं सरकवून भिंतीला चिकटवत, आणि पोरांनी खेळ करू नये म्हणून उतरताना खटका साध्या चालीवर आणत. मागची चाकं सरळ न करताच. ती तशीच वाकडी अडकून राहत.

"बाबा, तुम्ही चाकं..." घरी येताच तो सांगू लागला.

"तुल्यो, नंतर."

गुरुवारी जेवणं उरकल्यावर दोघांनी शेडबाहेरच्या फरशीवर मक्याचं पीठ पसरलं.

"हे काय? पोलेंटाच्या पिठाची नासाडी?" आजोबांनी विचारलं.

"पाच मिनिटं झोपू नका, आजोबा," नीवेस म्हणाली.

काका मशीनवर चढले. खटका साध्या चालीवर होता. पुढची चाकं नेमकी दाराकडे निघाली, मागची बाजू मात्र बाजूला झुकली आणि टेबलाजवळचं बाक चिरडून बाहेर आली. पिठात चार रेघा उमटल्या.

आजोबांनी वाकून रेघा मोजल्या.

"एत्सिओ, या पोरांना डोळे आहेत," ते म्हणाले. "तुला कान असते तर माझे खांब उभे असते."

"मशीन जुनं झालंय," काका पुटपुटले. पण त्यांनी खटका खेकडा चालीवर नेऊन आधी मागची चाकं सरळ केली, मगच तो साध्या चालीवर आणला.

"मग किल्ली दादाला द्या," नीवेस म्हणाली.

"बघू. नंतर."

संध्याकाळी पावणेसहा वाजता सिल्वानोची पिशवी दारातच होती. किल्ली काकांच्या खिशात होती, आणि बस टेकडीच्या वळणावर दिसू लागली होती.