चिपचा निर्वाळा

"त्या चिपने माझ्या बाबांचा घात केला," नर्स म्हणाली. "सदोष चिप तपासणीच्या पेटीत कोणी घातली, एवढं शोधून द्या."

वहिनींनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. त्या खासगी तपास करत, आणि त्यांचे धाकटे दीर, भावजी, टिपणं घेत. भावजींची ट्यूब उशिरा पेटे, पण अक्षर झकास होतं.

हृदयाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन उतरतं. ते चिपला चिकटलं की तिच्यातल्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह बदलतो आणि आकडा चढतो. नर्सच्या वडिलांच्या छातीत दुखत होतं, तरी आकडा साधाच आला. नर्स निर्धास्त झाली. संध्याकाळी ते गेले.

"चाचणी कोणी केली?"

"मीच. पंधरा वर्षांचा हात आहे माझा. थेंब ठेवला, वेळ पाळली, जखम धुवावी तसं स्वच्छ धुतलं, मग आकडा बघितला."

चिपा बनवणाऱ्या प्रयोगशाळेत सुतकी शांतता होती. पेट्या भरणाऱ्या मुलीला घरी बसवणार, हे ठरल्यातच जमा होतं.

"रद्द चिपा कुलपात असतात, ताई. मोजून घ्या," ती रडत म्हणाली. मोजल्या. एकही कमी नव्हती.

तिथल्या इंजिनियरने नर्सकडून परत आलेल्या चिपच्या कडेचे पांढरे कण पुसले आणि तिच्यावर प्रथिनाचं प्रमाण ठाऊक असलेला नमुना ठेवला. आकडा अचूक आला.

"रेणूंवरचा विद्युतभार नाजूक असतो," तो म्हणाला. "खारट पाण्यात तो झाकला जातो, चिप आंधळी होते. म्हणून धुवायचं सौम्य, जवळजवळ बिनमिठाचं द्रावण पेटीतच देतो."

नर्सच्या पेटीतल्या बाटलीचं सील शाबूत होतं. बाटलीवर नुसता क्रमांक, आणि सूचनेच्या कागदावर 'धुवून घ्या' एवढंच.

"ते कण बुरशीचे का हो, वहिनी?"

"मिठाचे, भावजी."

भावजींना जरा वेळाने उलगडलं. ते हळूच म्हणाले, "नर्सला नाही सांगितलं तर?"

"मग या पोरीचा बळी जाईल."

नर्सला बोलावून घेतलं. वहिनींना फार वाईट वाटत होतं, तरी त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"चिप चांगली आहे. मुलीने चांगलीच चिप भरली. चिपवर मीठ सुकलं होतं आणि द्रावणाची बाटली उघडलेलीच नाही. तुम्ही कशाने धुतलंत?"

नर्सने त्या बंद बाटलीकडे बघितलं.

"सलाइनने, मिठाच्या पाण्याने. आम्ही सगळं सलाइननेच धुतो. हात आपोआप तिकडेच जातो."

"मला वाटलं, बाटली बघून कोणालाही कळेल," इंजिनियर पुटपुटला.

"कोणालाही म्हणजे तुम्हाला," वहिनी कडाडल्या. "दोन शब्द जास्त लिहायला हात दुखत होता का?"

नर्स मात्र त्याच्याकडे बघत होती. "अशा किती पेट्या बाहेर आहेत?"

"चाळीस. वेगवेगळ्या दवाखान्यांत."

"म्हणजे माझ्यासारख्यांच्याच हातात."

तिने त्याच्याकडून यादी घेतली, टेबलावरचा फोन ओढला आणि पहिल्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

"सिस्टर, त्या नव्या पेट्या उघडू नका. सलाइन लागलं की त्या खोटं सांगतात." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने डोळे मिटले. "कशावरून म्हणजे? माझे बाबा गेले त्याने. माझ्याच हातून."