संगमाच्या अलीकडे

क्षिप्रा चंबळेला मिळते ते ठिकाण नदीच्या पात्रातूनच पायी गाठायचं, हा केदारचा हट्ट. उज्जैनमध्ये मल्लखांब शिकवणारा माणूस. हट्टाला काय तोटा! बायको अपर्णा फिजिओथेरपिस्ट, आणि तिसरा तिचा भाऊ रुचिर. रामघाटावर पर्वस्नान आटोपून तिघं निघाली. भैरवगढ मागे पडलं तसं पात्र कोरडं होत गेलं, दोन्ही अंगांना दरडी उंचावल्या आणि माणूस म्हणून दिसेना. खाणं संपत आलं, तळपाय फोडांनी भरले, तरी केदार परतायचं नाव काढीना.

मग एका दुपारी वरच्या अंगानं घरघर ऐकू आली. पर्वासाठी अडवलेलं पाणी सगळी स्नानं उरकली की खाली सोडतात, हे उज्जैनमधलं शेंबडं पोरही जाणतं. ही तिघं त्याच पाण्यात डुबकी मारून आली होती आणि नेमकं तेच विसरली होती!

"पळा!" केदार ओरडला. त्यानं खडकावरून झेप घेतली. फाट्! तो कोसळला आणि चिडून मागे वळला.

"कौन है बे? दगड कोणी मारला?"

मागे कोणीच नव्हतं. मागून दगड बसल्यासारखं वाटणं म्हणजे काय, हे अपर्णाला ठाऊक होतं.

"नस चढली ए," केदार दातओठ खात म्हणाला. "जोरात मालिश कर, ठीक होऊन जाईल."

"आधी पालथे व्हा."

तिनं पोटरी दाबली. पाऊल हलायला हवं होतं. हललं नाही! टाचेच्या वर जिथे दोरीसारखी ताठ कंडरा हाताला लागायची, तिथे तिचं बोट खड्ड्यात गेलं.

"अहो, तुटलंय ते! पाय टेकवलात तर टोकं आणखी लांब जातील. मग जन्मभर लंगडाल."

पाणी घोट्याला लागलं. टोकं जवळ राहावीत म्हणून तिनं पायाची बोटं खाली वळवून पाऊल तसंच धरलं, तंबूची काठी लावली, ओढणीनं बांधलं. पाणी गुडघ्याला आलं! रुचिरनं त्याला पाठीवर घेतलं. दरड भुसभुशीत, पाय रुते, माती ढासळे. सामान वाहून गेलं. एकदा दोघेही घसरले आणि अपर्णानं खालून खांदा दिला. केदार लहान पोरासारखा रडत होता. त्याला असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती मनातून हादरली.

वर पोचताच रुचिर त्याच्यासकट आडवा झाला. अपर्णा वाट शोधायला उंचवट्यावर चढली. समोर, हाकेच्या अंतरावर, चंबळेचं रुंद पाणी! मागच्या बाजूला दूर एक गाव.

"दिसला का गं संगम?" खालून केदारनं विचारलं. "काठी दे फक्त. एका पायावर जाईन मी."

आणि तो गेला असता. पायाची वाट लावून घेतली असती, पण गेला असता.

"काही दिसत नाही. नुसत्या बाभळी," ती म्हणाली. "रुचिर, गाव उलट्या बाजूला आहे. उचल जिजाजींना."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, धक्के खात, तिघं उज्जैनला परतली. कंडरा शिवली गेली, बोटं खाली वळलेल्या पायावर प्लास्टर चढलं. डॉक्टर म्हणाले, "चालतील नीट. मल्लखांबाचं मात्र विसरा."

केदार भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवलाही नाही. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "किती लांब होता गं संगम?"

"फार लांब," अपर्णा म्हणाली. "पोचलोच नसतो आपण."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याला झोप लागली.