तिसऱ्या कार्बनचे शेजारी

मंगळावरच्या अरुणतळावर प्रत्येकाला वर्षाकाठी थोडासा खासगी कार्बन मिळे. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांनी तो तळावरच्याच माणसांच्या उच्छ्वासातून गोळा केलेला असे. कुणी त्यातून चित्रांसाठी रंग करून घेई, कुणी वेलचीचा स्वाद. रेवा धारपने या वर्षीच्या कार्बनातून आईच्या हातांचा वास करून घ्यायचं ठरवलं होतं.

आई गेली तेव्हा रेवा पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध, यानात होती. आता वर्षश्राद्ध आलं होतं. आई सांगलीत बायकांच्या मसाला केंद्रात धने भाजायची. घरी आली की मोरीवरच्या गुलाबी वडीने हात खसखसून धुवायची आणि मगच रेवाच्या केसांत बोटं घालायची. तरी त्या बोटांना वास उरायचाच.

"मग धनेच पिकव की तुझ्या मातीत," रसायनज्ञ आल्हाद तांडेल म्हणाले. रेवा तळावरची मृदातज्ज्ञ होती.

"पेरलेत ना. पण कोथिंबीर फुलावर यायच्या आत तुमच्या कालवणात जाते, तांडेलकाका."

"अलिबागच्या माणसाने काय कोरडं जेवायचं?" असं म्हणत त्यांनी शृंखलाकार सुरू केला.

शृंखलाकाराला नाव द्यायचं आणि त्याच्याकडून रेणू घ्यायचा. माणसाच्या नावावरून तो उंच की बुटका ते कळत नाही. कार्बनी रेणूच्या नावात त्याची सगळी ठेवण सांगितलेली असते. रेवाने धन्यांच्या मुख्य गंधरेणूचं नाव भरलं : ३,७-डायमिथाइलऑक्टा-१,६-डायीन-३-ऑल.

"वाच बघू मराठीत," तांडेल म्हणाले.

"आठ कार्बनांची साखळी. तिसऱ्या आणि सातव्या कार्बनवर एकेक कार्बनाची फांदी. पहिल्यापाशी आणि सहाव्यापाशी दुहेरी बंध. आणि तिसऱ्यावरच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी."

"मोजायला सुरुवात कुठल्या टोकाकडून?"

"ही जोडी ज्या टोकाला जवळ, तिकडून. परीक्षा घेताय का माझी?"

"चुकलीस तर वर्षभर थांबावं लागेल बाई. पुन्हा कार्बन मिळायचा नाही."

यंत्र बराच वेळ गुणगुणत राहिलं. मग कुपी बाहेर आली. रेवाने ती नाकाशी नेली. "आई," ती म्हणाली. पण लगेच तिच्या कपाळावर आठी पडली. "काका, धन्यांच्या डब्यात फुलं कुठून आली?"

तांडेलांनी एक थेंब मापकात टाकला आणि जीभ चावली. "अगं, आपण रेणूचा हात, डावा की उजवा, सांगितलाच नाही यंत्राला. तिसऱ्या कार्बनचे शेजारी बघ, चारही वेगवेगळे. असे चार शेजारी दोन तऱ्हांनी बसवता येतात. एक मांडणी म्हणजे दुसरीचं आरशातलं प्रतिबिंब. डावा हातमोजा उजव्या हातात जातो का? तसंच हे. नाकाला दोघांचे वास वेगळे लागतात. धने यातला एकाच हाताचा रेणू जास्त करतात. हात सांगितला नाही, की यंत्र निम्मा हा करतं, निम्मा तो."

"म्हणजे यात आई निम्मीच आहे."

"वेगळी काढू. हे या गाळणीच्या स्तंभातून सोडू, त्याच्या आत एकाच हाताच्या रेणूंचा लेप आहे. त्याला एक हात बिलगून रेंगाळतो, दुसरा सटकतो. धन्यांचा तेवढा ठेवू, उरलेला भट्टीत जाळून तळाच्या हवेत परत."

"चालेल. मला शुद्धच हवाय."

स्तंभाखाली दोन कुप्या भरल्या. रेवाने पहिली उघडली. वास स्वच्छ होता, नेमका होता, शंकेला जागाच नव्हती.

"काय?" तांडेलांनी विचारलं.

"धने," ती म्हणाली. पुन्हा हुंगून म्हणाली, "नुसते धने. दुकानातले."

 तांडेलांनी दुसरी कुपी उचलली आणि भट्टीचं झाकण उघडलं. सवयीने त्यांनीही एकदा हुंगलं. "हा बघ तुझा फुलांचा वास. आमच्या लहानपणी साबणांना असायचा असला."

"थांबा!"

ते दचकले. "अगं, सांडलं असतं!"

"साबणात कुठला हात असतो, काका?"

"झाडातून काढलेला असेल तर एखादाच जास्त. कारखान्यातला असेल तर दोन्ही, निम्मे निम्मे. कारखान्याच्या भट्टीला कुठे कळतंय डावं-उजवं? हात सांगितला नाही, की आपलं यंत्र करतं ना, अगदी..." आणि ते मध्येच थांबले.

रेवाच्या डोळ्यांपुढे मोरीवरची गुलाबी वडी आली. धने धुऊन जात नसत आणि साबण पुरता निघत नसे. केसांत बोटं फिरत ती या दोन्हींसकट.

तिने दोन्ही कुप्या एकीत ओतल्या, एक थेंब तळव्यावर चोळला आणि तळवा नाकाशी धरून डोळे मिटून बसली. या वेळी कपाळावर आठी आली नाही. बऱ्याच वेळाने ती हसली.

"चिठ्ठी लावायला हवी कुपीवर," तांडेल हळूच म्हणाले. "नियम आहे. नाव काय घालू? हात कुठला?"

"मी आधी भरलं होतं तेच घाला," रेवा म्हणाली. "ते बरोबर होतं."