जागं रक्त

त्या वर्षी मिरजेत चांगल्या तापाचे दिवस होते. शाळेत एखाद्या बाई आल्या नाहीत, एखाद्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं, की लोक काय ते समजून जात आणि संध्याकाळी मऊ भाताचा डबा पोचता होई. ताप आजाराचा नव्हता. तो जागराचा होता.

जागर म्हणजे काय, हे तो जिथं होई त्या केंद्रातल्या डॉक्टर नसीम बागवान येणाऱ्या प्रत्येकाला न कंटाळता सांगत. हिपॅटायटिस बी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘ब कावीळ’, रक्तातून शिरते. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर, न तपासलेलं रक्त चढवलं तर, शरीरसंबंधातून, आणि बाळंत होताना आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं होत नाही, गळ्यात पडल्यानं होत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात विषाणू शिरला, तर रक्तातले रखवालदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, बहुतेक वेळा त्याला हुसकून लावतात. पण तो जन्मतानाच शिरला, तर रखवालदार कामावर रुजू होतात तेव्हा हा आधीच घरात पाय पसरून बसलेला असतो. त्यांना वाटतं, घरचाच कुणीतरी. मग जन्मभर ते त्याला वाट सोडतात आणि तो निवांत यकृत पोखरत राहतो. रोजच्या गोळीनं त्याचे हात बांधता येतात, पण यकृताच्या पेशींच्या गाभ्यात त्याचं बी उरतंच.

जागर करताना रक्तातले थोडे रखवालदार बाहेर काढत, त्यांना एकच धडा देत आणि परत अंगात सोडत. धडा असा: जे आपलं नाही, ते शोधा. मग दोन-तीन दिवस ताप. त्यानंतर विषाणूही नाही आणि त्याचं बीही नाही.

शलाका बोरगावेला हा जागर हवा होता तो आईमुळे. ती जन्मली तेव्हा कृष्णेला पूर होता, रस्ते बंद होते, आणि जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची लस मळ्यातल्या घरापर्यंत पोचलीच नाही. आईचा विषाणू लेकीत आला. पुढे आई यकृताच्या कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तिचं पोट घागरीसारखं फुगलं होतं आणि हातपाय काडीसारखे झाले होते. शलाकाचंही यकृत कडक होऊ लागल्याचं कळलं, त्या दिवसापासून आरशात पाहताना ती आधी पोट पाहायची.

केंद्रात तिचा नंबर लागला तेव्हा सासू सोबत होती. सासूला ती आत्ती म्हणे. बाकावर गल्लीतल्या दोघीजणी बसलेल्या. सुरुवातीला इथं प्रत्येक बाईची गर्भाची तपासणी होई. रांगा वाढल्या तशी ती नुसत्या प्रश्नावर आली होती. सिस्टरनं मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "दिवस राहिलेत का?"

दोघी शेजारणींचे कान टवकारले. आत्तीनं शलाकाचं मनगट दाबलं.

दिवस राहिले होते. जेमतेम कळलं होतं. पण गेल्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले आणि आठ दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून आत्तीनं ठरवलं होतं, तीन महिने भरल्याशिवाय ही गोष्ट नवरा-बायको आणि तिच्याखेरीज चौथ्या कानाला कळता कामा नये.

"नाही," शलाका म्हणाली.

बाहेर आल्यावर ती कुजबुजली, "आत्ती, डॉक्टरांना तरी सांगायला हवं होतं का?"

"सांगितलं असतंस तर नंबर गेला असता, आणि बाकावरच्या त्या मांजरेकाकूनं दत्ताच्या देवळापर्यंत दवंडी पिटली असती. मूठ झाकलेली बरी. औषधानं तुझंच भलं होणार की नाही? मग पोटातल्याचं वाईट कशाला होईल?"

ताप आला तसा उतरला. गल्लीतून भाताचे डबे आले. आठवड्यानं रक्त तपासलं, तर विषाणू संपत आला होता. प्रीतमनं, तिच्या नवऱ्यानं, तो रिपोर्ट देव्हाऱ्यापुढं ठेवला. त्याच संध्याकाळी शलाकाच्या ओटीपोटात कळा सुरू झाल्या.

डॉक्टर बागवाननी सोनोग्राफी केली आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"तुला विचारलं नव्हतं का कुणी?"

"विचारलं होतं. पण तिथं सगळ्या बसल्या होत्या..."

"म्हणजे तुमचे ते तीन महिने!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं, आम्हीही सहाव्या महिन्यापर्यंत पोट लपवतो घरात, पण डॉक्टरपासून? ऐक आता. पोटातलं बाळ अर्धं तुझं, अर्धं नवऱ्याचं. तुझ्या रक्ताच्या लेखी ते परकंच. एरवी आईचे रखवालदार त्याला बघून न बघितल्यासारखं करतात. ज्या खुळेपणानं त्यांनी इतकी वर्षं विषाणूला सांभाळलं ना, त्याच खुळेपणावर प्रत्येक मूल जगतं. तो खुळेपणा आम्ही काढून टाकला."

"मग आता?"

"दोन वाटा आहेत. काही केलं नाही, तर तुझं यकृत वाचेल आणि मूल जाईल. नाहीतर रखवालदारांना पुन्हा निजवायचं. पण एकदा निजवलेले परत उठत नाहीत. विषाणूचं बी थोडं उरलंय, ते फोफावेल. गोळ्या आहेत, पण तुझं यकृत त्यांच्यावर किती वर्षं काढेल, याचा शब्द मी देणार नाही."

आत्ती दाराशी उभी होती. तिच्या तोंडावर रंग राहिला नव्हता. "डॉक्टर, हिला वाचवा. मूल... मूल पुन्हा बघू. शलाका, माझ्या खुळ्या तोंडाचं ऐकू नकोस गं आता तरी."

"ह्या वेळी तुमचं ऐकणारच नाहीये, आत्ती."

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. "धडा एका पेशीकडून दुसरीकडे जातो. म्हणून तर थोड्याशा रक्तानं सगळं अंग जागं होतं. निजवायचं औषध वारेपलीकडे, बाळापर्यंत, जात नाही. धडा पलीकडे जातो का, हे मला माहीत नाही. कुणालाच नाही."

शलाका सोनोग्राफीच्या पडद्यावरची बाळाच्या ठोक्याची लुकलुक बघत होती. मग तिनं बाही वर केली. "निजवा."

पुढच्या महिन्यांत विषाणू परत आला, गोळ्या परत आल्या, डोळ्यांच्या कडा पिवळट झाल्या. पण पोट वाढत होतं, आणि आता ती आरशात ते हसून पाहत होती. तीन महिने भरल्यावरही आत्तीनं पेढे वाटले नाहीत. डोहाळजेवणसुद्धा दार लावून केलं.

मुलगी झाली. पहिल्या तासातच एका मांडीत लस आणि दुसरीत तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर बागवान मुद्दाम बघायला आल्या होत्या. "हिला विषाणू शिवणार नाही. आईला आहे म्हणून पाजायची भीती बाळगू नकोस. खुशाल घे."

शलाकानं तिला छातीशी धरलं. पोरीनं दोन-तीन घोट घेतले. तिचे ओठ सुजले. गालावर जिथं दूध ओघळलं होतं, तिथं लाल गांध उठली. ती गळ्यापर्यंत, मग छातीपर्यंत पसरली आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. सिस्टरनं बाळ ओढून घेतलं.

त्यानंतर दूधपेढीतलं दूध दिलं. ते पचलं. डब्यातलं पचलं. आत्तीनं दिवसभर तिला उघड्या अंगाशी धरून ठेवलं, एक पुरळ उठली नाही. शलाकाचं बोट मात्र ओठाला लागलं, तेवढ्यावर पुन्हा सूज आली. तिनं वापरलेली चादर चालेना.

डॉक्टर बागवान रिपोर्ट घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"धडा पोचला होता," त्या म्हणाल्या. "तिचे रखवालदार पोटातच जागे झाले. जे आपलं नाही ते शोधायला लागले. आणि नऊ महिने तिच्या अंगात बाहेरून जे येत होतं, ते एकच होतं. तू."

"उतरेल ना हे?"

"मुलगी ठणठणीत आहे, शलाका. इतकं सावध रक्त मी कुणाचं पाहिलं नाही."

"मी काय विचारलं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "निजवलं, तर कुठल्याही साध्या तापात ती जाईल. इतक्या लहान जिवाला निजवता येत नाही." मग त्या म्हणाल्या, "ज्यांनी ज्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं, त्यांचे फोन आता यायला लागलेत. कालपासून."

दुपारी आत्ती बाळाला पाळण्यात घालून दुपटं सारखं करत होती. शलाका दाराशी होती, तोंडाला फडकं, हातात मोजे. पोर किरकिरू लागली तशी तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काय गं माझी चिमणी..."

बाळ गप्प झालं. हा आवाज त्यानं नऊ महिने ऐकला होता. मान आवाजाकडे वळली, तोंड उघडलं, आणि ते इवले ओठ हवेतच दूध शोधू लागले.

शलाकाला पान्हा फुटला, झंपर भिजला. वास खोलीत पसरायच्या आत ती मागं सरली आणि तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.