टकलूची साक्ष

"चोरी झालेली नाही, खून झालेला नाही, आणि तरी मला डिटेक्टिव्ह हवाय," असं म्हणत ती मुलगी खुर्चीत बसली, आणि भावोजींनी वहीचं कोरं पान उघडलं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. समोरचा स्वतःहून बोलेपर्यंत थांबायचं, ही पस्तीस वर्षं गणित शिकवून लागलेली सवय. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली आणि धाकट्या दिराला मदतीला घेतलं. भावोजी विमा कंपनीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, स्मरणशक्ती उत्तम. दोन आणि दोन चार होतात, हे मात्र त्यांना दर वेळी कुणीतरी सांगावं लागे.

मुलगी मोटारींच्या कारखान्यात डिझायनर होती. पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसली, की त्याचं डोकं बरेचदा बॉनेटवर आपटतं. पत्रा ताठ असला किंवा खाली लगेच इंजिन लागलं, की संपलंच. तिनं असं बॉनेट आखलं होतं, की ते सावकाश दबेल आणि धक्का स्वतःच्या पोटात घेईल. पाच चाचण्या झाल्या, पाचही पास. सहावी काल सकाळी दहाला, संचालकांच्या समितीसमोर. तीच जागा, तोच वेग, तसंच बॉनेट. नापास!

"डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचा आकडा हजाराच्या आत लागतो," ती म्हणाली. "पाच वेळा नऊशेच्या आसपास आला. काल एक हजार साठ. आज पाच वाजता समिती जुन्या बॉनेटवर सही करणार. मग सात-आठ वर्षं तीच गाडी रस्त्यावर."

"कुणीतरी घोळ केला असं वाटतं तुला?" वहिनींनी विचारलं.

"माझंच चुकलं असेल तर तेही सांगा. पण पाचच्या आत सांगा." तिनं भावोजींच्या वहीकडे पाहिलं. "माझे बाबा पोस्टमन होते. एका गाडीनं उडवलं. वेगातही नव्हती. बॉनेटला साधा पोचासुद्धा आला नाही. तेव्हापासून बाबा मला ओळखत नाहीत."

वहिनींनी चष्मा पुसला आणि त्या उठल्या. "चला भावोजी. अकरा वाजलेत."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक हॉल होता. मधोमध अर्धी मोटार जमिनीला बोल्टांनी जखडलेली, तिच्यासमोर तोफेसारखी नळी. बाजूच्या टेबलावर टक्कल पडलेल्या डोक्यासारखा एक गुळगुळीत, बुडाशी सपाट गोळा.

"हा आमचा टकलू," तात्या कौतुकानं म्हणाले. तात्या इथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. "साडेचार किलोचा. नळीतून बॉनेटवर उडवायचा. आत सेन्सर, वरून जाड रबरी कातडं. एकतीस वर्षं आपटतोय बिचारा, पण कधी तक्रार नाही. माणसापेक्षा बरा."

आपटण्याआधी टकलूच्या टाळूला खडूची पूड चोळायची, म्हणजे तो नेमका कुठे बसला ते बॉनेटवर उमटतं. सहाही बॉनेटं भिंतीला टेकवून ठेवली होती. वहिनींनी पहिल्यावर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सगळीकडे तेच. सहाव्यावर बोट स्वच्छ राहिलं. त्यांनी नखानं खरवडलं, तेव्हा चुन्यासारखा एक पापुद्रा निघाला.

"काल खडू वेगळा होता?"

"छे, तोच डबा. पण काल बसला मात्र झकास! एरवी निम्मा जमिनीवर सांडतो."

"हाताला काही वेगळं लागलं का?"

"हाताला काय कळणार? पाहुणे येणार म्हणून व्यवस्थापक बाईंनी हे एवढे जाड पांढरे हातमोजे दिले होते. बँडवाला दिसत होतो नुसता. वर हुकूम, सगळं मांडून होईपर्यंत आत यायचं नाही. मी रोज आठला येतो, काल पावणेदहाला आत सोडलं."

गाडीचं इंजिन उघडंच होतं. त्यावर मऊ मातीचे सुपारीएवढे गोळे लावलेले. "बॉनेट खाली टेकलं तर हे चपटे होतात," तात्या म्हणाले. "कालपासून हात लावला नाही." गोळे गोलच्या गोल होते.

भिंतीवरचा तापमानाचा काटा वीसवर होता. त्याच्या कागदावरची रेघ कालपासून सरळ होती. चाचणीआधी टकलूला चार तास वीस अंशांत ठेवायचं असा नियम. "तो राहतोच इथे. खोलीचा काटा बघितला की झालं," तात्या म्हणाले.

वहिनी टेबलावरचं रजिस्टर चाळत होत्या. कालचं पान फुगलं होतं आणि त्यावर एक गोल डाग होता.

"चहाचा कप," भावोजींनी लगेच निकाल दिला.

"चहा रंग सोडतो, भावोजी. आणि वीतभर रुंदीचा कप तुम्ही कधी पाहिलात?"

कोपऱ्यातलं कपाट गुरगुरत होतं. तात्यांनी त्याचं कुलूप काढून एक बाटली बाहेर काढली आणि बोटांवर फुंकर मारली. "सेन्सर चिकटवायचा गोंद. बाहेर राहिला तर खराब होतो, म्हणून कुलपात. हॉलमधलं एवढंच कुलूप." वरच्या फळीवर गोंदाच्या बाटल्या दाटीवाटीनं कोंबलेल्या होत्या. खालची फळी रिकामी होती.

इंजिन विभागाचे साहेब स्पष्टवक्ते निघाले. "हो, मला नाही आवडत तिचं बॉनेट. त्याच्यापायी माझं इंजिन दोन बोटं खाली घ्यावं लागतंय. सहा महिन्यांचं काम!"

"परवा संध्याकाळी तुम्ही हॉलच्या दाराशी होतात म्हणे," भावोजींनी खडा टाकून पाहिला. ही बातमी त्यांना पहारेकऱ्याकडून मिळाली होती.

साहेब लाल झाले. "बॉनेट आणि इंजिनातलं अंतर मोजायला गेलो होतो. पट्टी घेऊन. बाई आत होत्या, त्यांनी दारातूनच परत पाठवलं. पाठवतात तर पाठवोत!"

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले, "सापडला! कडू कारलं तुपात तळलं तरी कडूच. यानंच इंजिनावर काहीतरी ठेवलं आणि नंतर काढून घेतलं."

"मग गोळे चपटे व्हायला नकोत का?"

भावोजींनी नाव लिहिलं होतं, ते खोडलं.

व्यवस्थापक बाईंना या खात्यात येऊन दोनच महिने झाले होते. त्यांच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा कडेला समांतर होती. "हिचं काम व्हावं असं मला मनापासून वाटत होतं हो," त्या म्हणाल्या. "म्हणून परवा मी स्वतः हॉल आवरला. एक वस्तू उघड्यावर ठेवली नाही."

"आणि टकलू?"

"तो तर आधी. सुरक्षित, कुलपात. सकाळी साडेनऊला मीच आणून टेबलावर ठेवला."

भावोजींनी 'कुलपात' असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि पान उलटलं. वहिनी मात्र जिन्यातच थांबल्या आणि त्यांनी सोबत आलेल्या डिझायनरला विचारलं, "सातवं बॉनेट आहे का गं?"

"एक आहे, जादाचं."

"मग लावायला सांग. समितीलाही बोलाव, चारला."

चार वाजता हॉलमध्ये सगळे जमले. वहिनींनी आधी कपाटातली गोंदाची बाटली टेबलावर आणून ठेवली, मगच त्या वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

"आकडा वाढला, म्हणजे काहीतरी कठीण लागलं. पहिला संशय इंजिनावर. पण मातीचे गोळे शाबूत आहेत, म्हणजे खालून काहीच लागलं नाही. दुसरा संशय बॉनेटवर. तिथे मला खडू दिसला. पाच बॉनेटांवर कोरडी पूड, सहाव्यावर वाळलेला लगदा. पूड तीच, मग तिच्यात पाणी कुठून आलं?"

त्यांनी रजिस्टर उघडून फुगलेलं पान समितीपुढे धरलं.

"रजिस्टरवरही पाणी होतं. बिनरंगाचा, वीतभर गोल डाग. या टेबलावर तेवढी गोल वस्तू एकच, टकलू. डोक्याला घाम फुटला होता." त्यांनी बाटली उचलली. काच ओली झाली होती. वहिनींनी तिच्यावर खडूची चिमूट चोळली. पूड सांडली नाही, लगद्यासारखी चिकटून बसली. "थंड वस्तू उबदार खोलीत आणली की असंच होतं. थंडीनं रबर कडक होतं. बॉनेट नेहमीसारखंच दबलं. कडक झालं होतं ते टकलूचं कातडं."

"पण खोली तर वीस अंशांवर होती!" तात्या म्हणाले.

"खोली होती. तुम्ही एकतीस वर्षं खोलीचा काटा बघून टकलूचा ताप सांगत आलात, कारण तो कधी खोलीबाहेर गेलाच नाही. एरवी नुसत्या हातालाही कळलं असतं. पण काल हातात मोजे होते."

भावोजींनी घाईघाईनं वहीचं पान मागे उलटलं. "कुलपात," ते पुटपुटले. "आणि कुलूप तर एकच..."

व्यवस्थापक बाईंचा चेहरा उतरला. "ते कपाट थंड असतं ते मला माहीत होतं. पण लोखंडी गोळ्याला थंडीचं काय, असं वाटलं. साहेबांना दाराशी पाहिलं आणि भीती वाटली, हे काही उलटसुलट करतील. म्हणून बाटल्या सरकवून रात्रभर त्यात... अगं बाई, मीच बुडवलं की हिला!"

"लबाडी कुणाचीच नाही," वहिनी म्हणाल्या. "पाहुण्यांसाठी सगळं रोजच्यापेक्षा नीट केलं, म्हणून बिघडलं. चाचणी रोजच्यासारखीच हवी."

"गुन्हा अगदी थंड डोक्यानं झाला म्हणायचा," भावोजी म्हणाले. हसले फक्त तात्या.

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "टकलू आज कुठे होता?"

"कालपासून इथेच, टेबलावर," तात्यांनी उघडा तळवा त्याच्या टाळूवर ठेवला. "पण आज त्यालाच विचारतो." त्यांनी आधी एक सुटा तापमापक टकलूच्या कातड्यावर टेकवला. वीस. मग खडू चोळला, निम्मा जमिनीवर सांडला.

डिझायनर भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. व्यवस्थापक बाईंनी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला नाही. नळीतून फट्कन आवाज आला. पडद्यावर आकडा उमटला, आठशे नव्वद.

अध्यक्षांनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि नवा मागवला. इंजिनवाले साहेब घसा खाकरून म्हणाले, "दोन बोटं ना? घेतो खाली. सहा नाही, चार महिन्यांत करू."

सगळे टाळ्या वाजवत असताना मुलगी सातव्या बॉनेटपाशी गेली. खडूच्या वर्तुळात खोलगट पोचा आला होता. तिनं त्यात तळहात ठेवला, तो अलगद मावला. खडूची कोरडी पूड तिच्या हाताला लागली. ती रडत होती, पण आवाज न करता.

"एवढासा," ती म्हणाली. "एवढासाच पोचा हवा होता."

भावोजींनी वही मिटली आणि खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. या वेळी त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.